सीटखाली मावेल असं हॉस्पिटल

“उलटं करू नका! आत पेशंट आहेत!”

मावशीने ही आरोळी मराठीत ठोकली असती तर फारसं बिघडलं नसतं. पण नेमकं तेव्हाच तिला इंग्रजी आठवलं, आणि ग्लासगोच्या विमानाची अख्खी रांग चिडीचूप झाली. पुढच्या बाईने आपल्या पोराला जवळ ओढलं. एका गृहस्थाने कानातला इअरफोन काढला. एअरलाइनच्या जाकिटातली जी मुलगी आमचा डबा आडवा करून मापाच्या पिंजऱ्यात बसवायला निघाली होती, तिने तो दोन्ही हातांनी धरून ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. काहीतरी समजूतदार बोलेल असं तिला माझ्याकडे बघून का वाटलं कोण जाणे. मी त्या वेळी तीन स्वेटर, दोन कोट आणि त्यांच्या आत छातीभोवती गुंडाळलेली मावशीची अख्खी पैठणी अशा अवतारात उभा होतो आणि पिळलेल्या मोसंब्यासारखा सुटलेला घाम टिपत होतो.

आत पेशंट होते हे मात्र शंभर टक्के खरं. बेसनाचे होते, एवढंच.

ही काय भानगड आहे ते कळायला आधी लंडनमधल्या ईलिंगला मावशीच्या स्वयंपाकघरात जायला हवं. मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. लग्न करून ईलिंगला आली त्याला जमाना झाला. मी केंब्रिजला नोकरीला आलो तेव्हापासून माझे सगळे शनिवार-रविवार आणि त्यामुळे वाढलेलं पोट तिच्याच नावावर आहे. काका गेल्यावर ती घरात एकटी. तिची एकुलती एक मुलगी, म्हणजे माझी मावसबहीण, ग्लासगोला डॉक्टर. तिथेच तिने आपल्याच वॉर्डातला एक स्कॉटिश डॉक्टर पसंत केला. मुलगा इतका गुणी की मावशीला नाव ठेवायला जागा सापडेना, आणि त्याचंच तिला जास्त दुःख झालं.

बहिणीने लग्न स्वतःच ठरवलं आणि स्वतःच उरकायला घेतलं. हॉटेल, जेवण, फुलं, फोटो, सगळं एका ॲपवर. भटजीसुद्धा तिने ऑनलाइन शोधला आणि त्याला रेटिंग बघून बुक केला. आईला म्हणाली, तू काही करू नको, तू फक्त ये. मुलगी हे प्रेमाने बोलली होती. मावशीला ते असं ऐकू आलं की तिला स्वतःच्या मुलीच्या लग्नाला गेस्ट म्हणून बोलावलंय. ती तीन दिवस फोनवर फक्त हवामानाविषयी बोलली. इंग्लंडात राहून माणूस रागवायला शिकतो तो असा.

शेवटी बहीण नमली. ती ईलिंगलाच वाढलेली, त्यामुळे तिच्या मराठीत ‘तो’, ‘ती’ आणि ‘ते’ आपापल्या मर्जीने येतात. म्हणाली, “बरं आई, हॉलमध्ये एक टेबल तुझा. त्याच्यावर तुला पाहिजे ते कर.”

एक टेबल. अख्ख्या लग्नात मावशीच्या वाट्याला एवढंच आलं. आणि मावशीने त्यावर रुखवत मांडायचं ठरवलं. मुलीकडच्यांनी फराळाचे पदार्थ रचून नवऱ्याकडच्यांसमोर आरास मांडायची, ही आपली रीत. हल्ली त्यात प्लॅस्टिकचे मोर आणि थर्माकोलच्या बैलगाड्या असतात, पण मावशी जुन्या वळणाची. तिचं म्हणणं, रुखवत बघायला नसतं, खायला असतं. नवऱ्याकडच्या माणसांनी त्यात हात घातला, म्हणजे त्यांनी आपली मुलगी घरात घेतली. नाही घातला, तर मुलगी तिकडे जन्मभर पाहुणीच. हे शास्त्र तिला कोणी सांगितलं ते मी विचारलं नाही. तिचा चेहरा विचारण्यासारखा नव्हता.

नवरा डॉक्टर, नवरी डॉक्टर, तेव्हा मावशीने हॉस्पिटल बांधलं.

तुम्हाला वाटेल मी वाढवून सांगतोय. मी वाढवून सांगतोच, पण इथे गरज पडली नाही. शंकरपाळ्यांच्या विटा, चिरोट्यांचं छप्पर, खिडक्यांना खडीसाखरेची तावदानं. आत करंज्यांचे पलंग, प्रत्येकावर बेसनाचा एक लाडू, लाडवाला मनुकांचे डोळे आणि अंगावर वर्खाची चादर. दाराशी ॲम्ब्युलन्स, तिला चकल्यांची चाकं. बाहेर पेशंटची रांग, दारातून निघून मागच्या भिंतीला वळसा घालून पुन्हा दारापर्यंत आलेली, त्यामुळे हॉस्पिटल सरकारी आहे हे पाटी न लावताच कळत होतं. एका पेशंटला तर तिने बडीशेपेचे केस लावले होते आणि तो मी आहे असं म्हणत होती.

आता हे ग्लासगोला न्यायचं कसं, हा प्रश्न. बँक हॉलिडेचा, म्हणजे जोडसुट्टीचा वीकएंड, रुळांची कामं चाललेली, ट्रेन अर्ध्या वाटेत सोडून पुढे बसमध्ये कोंबणार असं आधीच जाहीर झालेलं. गाडीत मावशीला घराच्या कोपऱ्यावरच मळमळायला लागतं, आणि मी ड्रायव्हिंग टेस्टला इतक्यांदा बसलोय की शेवटचा परीक्षक मला बघून रजेवर गेला. विमानात सामान म्हणून खाली टाकायचं म्हटलं, तर पट्ट्यावर बॅगा कशा येऊन आदळतात ते आम्ही दोघांनीही पाहिलंय. हॉस्पिटल निघालं असतं ईलिंगहून आणि ग्लासगोला पोचलं असतं पीठ.

“तू काळजी करू नकोस,” मी मावशीला म्हणालो. “एक पेनी जास्त न देता, सीटखाली ठेवून, तुझं हॉस्पिटल अख्खं नेतो की नाही बघ.”

हे बोलण्याचा मला अधिकार होता. स्वस्त विमानांच्या बाबतीत मी या देशात एक अधिकारी माणूस समजला जातो, निदान मी तरी समजतो. एका कोटाच्या खिशांत आठवड्याचे कपडे भरून मी लिस्बनला जाऊन आलेलो आहे. चार विजारी एकावर एक घालून प्रागच्या विमानात बसलो होतो, तेव्हा गुडघे वाकेनात म्हणून मला हवाईसुंदरीने सीटमध्ये तिरका टेकवला होता. एका एअरलाइनने आपल्या नियमांत दोन कलमं केवळ माझ्यामुळे घातली असं लोक म्हणतात. लोक म्हणजे मी.

तिकीट काढण्यातही कसब आहे. ते तिकीट असतं सँडविचच्या भावाचं, आणि मग वेबसाइट तुमच्यापुढे वाढप्यासारखी उभी राहते. सीट निवडता का, विमा घेता का, उतरल्यावर गाडी हवी का, हॉटेल हवं का, रांगेत पुढे उभं राहायचंय का. आपण पंगतीत ताटावर आडवा हात धरून बसतो तसं बसायचं. “नको”चं बटण त्यांनी तळाशी, फिकट अक्षरांत, लाजून लपवलेलं असतं, ते हुडकून दाबायचं. चेक-इन घरूनच करायचं, पास फोनमध्ये काढून ठेवायचा, आणि वर एक कागदावरही, कारण फोनची बॅटरी नेमकी गेटवर मान टाकते. पाण्याची बाटली रिकामी न्यायची आणि आतल्या नळावर भरायची. विमानतळाच्या दारात गाडी नुसती थांबवायचेसुद्धा पैसे पडतात, म्हणून टॅक्सी लांबच्या कार पार्कात सोडायची आणि तिथून फुकटच्या बसने जायचं. आमच्या विमानतळाच्या नावात लंडन आहे, तेवढाच त्याचा लंडनशी संबंध, त्यामुळे कार पार्क विमानतळापासून लांब असणं सुसंगतच होतं.

आणि मुख्य म्हणजे माप. सीटखालच्या पिशवीची लांबी, रुंदी, उंची मी मावशीला लिहून दिली, मोजपट्टी हातात दिली, आणि पापडांचा जुना चौकोनी पत्र्याचा डबा शोधून काढला जो मापात तंतोतंत बसत होता. डब्याच्या आत हॉस्पिटल. डब्याच्या बाहेर काही नाही. मावशीने मान डोलावली. मावशी मान डोलावते तेव्हा तिने ऐकलेलं असतं. मानलेलं असतंच असं नाही.

निघायच्या दिवशी डब्याला झाकण नव्हतं. वर भरतकामाचा रुमाल ताणून बांधला होता, आणि रुमालाच्या मधोमध एक उंचवटा. मला वाटलं, गाठ असेल. मी पैठणी गुंडाळण्याच्या घाईत होतो. तिची लग्नात नेसायची पैठणी वेगळ्या पिशवीत घातली असती तर तिच्या पिशव्या दोन झाल्या असत्या, माझी पिशवी माझ्या सुटाने आधीच भरलेली, आणि अंगावरच्या कपड्यांना कोणी सामान म्हणत नाही हा माझा मूळ सिद्धांत. सहा वार कापड, वर काठ आणि पदर. मी बाहेर पडलो तो एखाद्या वस्तादासारखा दिसत होतो.

सिक्युरिटीला डबा यंत्रातून गेला आणि तिथेच थांबला. पडद्यावर काय दिसलं असेल त्याची कल्पना करा. दाट, गोल, सारख्या आकाराच्या वस्तू, ओळीने झोपलेल्या. एका आडव्या अंगाच्या अधिकाऱ्याने डबा बाजूला घेतला आणि हे काय आहे म्हणून विचारलं. मी सांगितलं, हॉस्पिटल. त्याने कशाचं म्हणून विचारलं. मी सांगितलं, शंकरपाळ्यांचं. त्याने हातमोजे घातले.

मावशी पुढे झाली आणि तिने रुमाल सोडून त्याला सगळं फिरवून दाखवलं. हा तातडीचा विभाग, हा बाळंतपणाचा, या पलंगावरचा बरा होत आलाय. तो वाकून बघत राहिला. त्याने कापडाचा बोळा भिंतीवरून फिरवून यंत्राला दाखवला, यंत्राला त्यात तुपाखेरीज काही सापडलं नाही. मग पारदर्शक पिशवीतली खोकल्याच्या औषधाची छोटी बाटली उचलून त्याने हे औषध का असं विचारलं. मावशी म्हणाली, सिमेंट. तो साखरेचा पाक होता, वाटेत वीट निसटली तर चिकटवायला, आणि मापात होता, कारण हे तरी तिने माझं ऐकलं होतं. त्याने सगळं परत दिलं, आणि गुडघ्याच्या ऑपरेशनची वेटिंग लिस्ट या हॉस्पिटलात तरी कमी आहे का, असं हळूच विचारलं. त्याच्या आईसाठी हवं होतं.

मी हसलो नाही. मी तो उंचवटा बघत होतो. चिरोट्यांच्या छपरावर, रव्याच्या लाडवांची एकावर एक उतरंड, खाली मोठा, वर लहान, सगळ्यात वर एक लवंग. डब्याच्या काठाच्या चांगली वीतभर वर.

“मावशी, हे काय आहे?”

“कळस.”

“हॉस्पिटलला कळस नसतो.”

“म्हणून तर त्यांची ही दशा आहे.”

मी तिला म्हणालो की आपलं सगळं माप त्या डब्याचं होतं, हे वर आलेलं आहे. तिने मला अगदी शांतपणे समजावलं. बिनकळसाचं बांधकाम शुभकार्यात मांडायचं? बघणारे म्हणतील, बाईचे पैसे संपले. रात्री झोपताना तिच्या मनात आलं, सकाळी उठून तिने लाडू वळले. मोजपट्टी कुठे होती, विचारलं. म्हणाली, मोजपट्टी कळसाला लावत नाहीत.

गेटपर्यंत मी डब्याला अंगाचा आडोसा देत चालत होतो, म्हणजे कोणाला उंची दिसू नये. पण त्या जाकिटातल्या मुलीची नजर घारीची. तिने दुरूनच बोट केलं. तिच्याशेजारी तो लोखंडी पिंजरा उभा होता, ज्यात बॅग बसली तर फुकट, नाही बसली तर पैसे भरून खाली सामानात. तिने डबा वरून सोडून बघितला, कळस आडवा आला. म्हणून तिने तो कुशीवर करायला घेतला. आणि मग ती आरोळी.

तर आपण पुन्हा गेटवर.

मी पुढे होऊन मुलीला सगळं सांगितलं. ती रागीट नव्हती. नियम तिने केलेले नाहीत असं ती म्हणाली, आणि तिच्या आवाजावरून ते खरं होतं. पण मापात बसत नाही ते वर जाणार नाही, डबा खाली द्यावा लागेल, त्यावर ती “नाजूक”चं स्टिकर लावून देईल. मी पाकीट काढलं. हो, मी. ज्याने आयुष्यात एक पेनी जास्त दिली नाही त्याने भर गेटवर पाकीट काढलं. म्हटलं, वरच्या कप्प्यात ठेवायचे पैसे घ्या. ती म्हणाली, वरचे कप्पे भरले. आता फक्त खाली.

मावशी बाकावर बसली. डबा मांडीवर. आरोळ्या संपल्या होत्या, आणि मला त्या परत याव्यात असं वाटायला लागलं.

“तिने मला एक टेबल दिलं रे,” ती म्हणाली. “एकच. त्यावर मी चुरा मांडू?”

रांग पुढे सरकत होती. मावशीने थोडा वेळ कळसाकडे बघितलं, मग दोन बोटांनी त्याचं बूड धरलं आणि मोडला. पाकाचा कट्ट आवाज झाला. मी दाढ काढताना ओरडलो नव्हतो, तेव्हा ओरडलो. तिने पर्समधलं घरचं सँडविच काढलं, माझ्या हातात कोंबलं, त्याचा प्लॅस्टिकचा कागद झटकून पुसला आणि कळस त्यात तान्ह्या बाळासारखा गुंडाळला. मग तिने आपल्या अंबाड्याचे आकडे काढायला सुरुवात केली.

मावशीचे केस हा आमच्या घराण्याचा अभिमानाचा विषय आहे. सोडले की ईलिंगच्या घरात उजेड कमी होतो. तिने आकडे तोंडात धरले, कळस डोक्यावर मधोमध उभा केला, आणि केसांचे वेढे त्याच्याभोवती असे चढवत नेले की माझ्या डोळ्यांदेखत कळस नाहीसा झाला आणि मावशी वीतभर उंच झाली. शेवटचा आकडा खोचून ती उठली. डबा उचलून स्वतः पिंजऱ्यात ठेवला. तो आत असा बसला, जसा पिंजऱ्याचा साचा त्याच्यावरूनच पाडला होता.

जाकिटातल्या मुलीने हे पहिल्या आकड्यापासून शेवटच्या आकड्यापर्यंत बघितलं होतं. तिने डब्याकडे बघितलं, मग अंबाड्याकडे, मग पुन्हा डब्याकडे. केसांचं माप घ्यायला त्यांच्याकडे पिंजरा नव्हता. तिने आमचे पास स्कॅन केले आणि नकळत स्वतःची पोनीटेल नीट केली.

सीटचे पैसे दिले नसल्यामुळे विमानात मावशी पार मागे आणि मी पुढे, दोघेही मधल्या सीटवर. उड्डाणभर मी मागे वळून बघत होतो. सगळ्यांची डोकी टेकलेली, आणि त्यांच्यावर मावशीचा अंबाडा दीपस्तंभासारखा उभा. तिने पाठ टेकली नाही, मान वळवली नाही, बॅग काढायला वाकली नाही. शेजारच्या आडदांड तरुणाने काळजीने विचारपूस केली, तेव्हा मानेचं ऑपरेशन झालंय असं तिने सांगितलं. हॉस्पिटल कुठलं असं त्याने विचारलं. तिने पायांखालचा डबा दाखवला. हा भाग तिने मला नंतर सांगितला, आणि आमच्या घरात वाढवून सांगणारा मी एकटा नाही एवढंच म्हणतो.

ग्लासगोला विमान उतरताना वारा असा होता की चाकं तीनदा टेकली आणि दोनदा विचार बदलला. लोकांनी खुर्च्यांचे हात धरले. मावशीने दोन्ही हातांनी डोकं धरलं.

हॉटेलच्या खोलीत बहीण आमची वाट बघत होती. दुसऱ्या दिवशी लग्न, फोनवर ॲप उघडं, काय काय झालं त्याच्या हिरव्या खुणा करत होती. दार उघडलं आणि तिची नजर वर गेली.

“आई, तुझं केस काय झाला?”

मावशी कॉटवर बसली आणि म्हणाली, आधी सोडव, मग सांगते. ते बोलायला सोपं होतं. वाऱ्याने, घामाने आणि आकड्यांनी मिळून त्या अंबाड्याची अशी गाठ झाली होती की एक आकडा ओढला की मावशी तीन सुरांत कण्हायची. बहिणीने फोन उशीखाली सरकवला. हात धुतले. आपली छोटी चिमटी-कात्रीची पेटी काढली, दिवा जवळ ओढला, आणि आईच्या मागे गुडघ्यांवर बसली. मला दिवा धरायला लावला. तिच्या हाताखाली काम करणाऱ्यांचं मला वाईट वाटलं, कारण दिवा जरा हलला की ती एकाच शब्दात माणसाला शरम आणते.

एकेक आकडा, एकेक बट. मध्येच तिने आईला दुखतंय का विचारलं, मावशी म्हणाली, नाही, तुझी आजी अशीच विंचरायची. बहिणीचा हात आणखी हळू झाला. कळस बाहेर आला तेव्हा अख्खा होता, फक्त लवंग वाकडी झाली होती. बहीण त्याच्याकडे बघून हसायला लागली ती थांबेना, हसता हसता तिचे डोळे भरले, आणि मग खोकल्याच्या बाटलीतला पाक कुठे लावायचा, किती लावायचा, हे तिने आईला विचारलं. तो फोन त्यानंतर कितीतरी वेळ उशीखाली वाजत होता. इकडे मी पैठणी सोडत खोलीभर गोल गोल फिरत होतो आणि मला कोणी विचारत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये, मंडपाच्या शेजारी, पांढऱ्या चादरीच्या टेबलावर हॉस्पिटल उभं राहिलं. कळसासकट. मी लंडनपासून प्राग-लिस्बनपर्यंत पुष्कळ इमारती पाहिल्यात, त्यांतली एकही या हॉस्पिटलाच्या पासंगाला पुरणार नाही. मावशी पैठणी नेसून टेबलामागे उभी राहिली. पैठणीला माझ्या घामाचा जरा वास होता, त्यावर अत्तर मारलं होतं.

आणि नवऱ्याकडची मंडळी आली. किल्ट नावाचे चौकड्यांचे घागरे घातलेले काका, टोप्या घातलेल्या काकू, झाडून सगळी. ती टेबलासमोर थांबली, हात पाठीमागे बांधून वाकली, म्हणाली “लव्हली”, फोटो काढला आणि पुढे गेली. पुढचा आला, हात मागे, वाकला, लव्हली. म्युझियममध्ये काचेच्या आतलं भांडं बघतात तशी. एका काकूने आपल्या नवऱ्याला हळूच बजावलेलं मी ऐकलं, हात लावू नकोस, यांच्या धर्माचं असेल. मावशी प्रत्येकाला “प्लीज, ईट” म्हणत होती, आणि प्रत्येक जण छातीवर हात ठेवून छे छे, इतकं सुंदर कसं मोडायचं, म्हणत होता. ती त्यांची सभ्यता होती. त्यात खोट नव्हती. पण दर लव्हलीगणिक मावशी थोडी थोडी खचत चालली होती.

मी माझ्याकडून शर्थ केली. सगळ्यांना दिसेल असा पुढे झालो आणि ओपीडी खाल्ली. अख्खी. रांगेतले पेशंट एकेक करून उचलले, स्वतःला, बडीशेपेच्या केसांसकट, शेवटी. त्याचा परिणाम एवढाच झाला की किल्टवाले दोन काका टेबलाला पाठ करून उभे राहिले, म्हणजे माझ्यापासून त्याचं संरक्षण व्हावं.

मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, बहीण आणि नवरदेव हार घालून टेबलापाशी आले. बहिणीने आईचा चेहरा बघितला आणि तिला सगळं कळलं. ती काही बोलणार, तेवढ्यात नवरदेवाची आजी काठी टेकत आली. लहानशी, वाळलेली म्हातारी, जांभळा कोट, कानात यंत्र. ती वाकली नाही. आधीच वाकलेली होती. लव्हलीही म्हणाली नाही. तिने काठी टेबलाला टेकवली, खिडकीतून हात आत घातला, बाळंतपणाच्या विभागातला एक पेशंट पलंगासकट बाहेर काढला, वर्खाच्या चादरीसकट तोंडात घातला, आणि मग करंजीचा पलंग मोडून तोही.

हॉलमधले सगळे थांबले. किल्टवाल्यांपैकी एकाने डोळे मिटले. मावशी टेबलाची कड धरून उभी होती. म्हातारी चावत होती, सावकाश, एका बाजूने, कारण दुसऱ्या बाजूला दात नसावेत. भटजींनीसुद्धा पुढचा मंत्र धरून ठेवला.

म्हातारीने घास गिळल्यावर मावशीने बहिणीला म्हटलं, विचार त्यांना, कसं लागलं.

बहिणीने आजीच्या यंत्राशी तोंड नेऊन विचारलं. म्हातारीने ओठांवरचं बेसन पुसलं, दुसऱ्या पलंगाकडे हात नेला आणि म्हणाली,

“याच्याबरोबर चहा लागेल.”